'स्त्री २'ची पार्श्वभूमी : बेंगळुरूच्या दारांपासून चंदेरीच्या भिंतींपर्यंत

'स्त्री २' हा हिंदी चित्रपट मध्य प्रदेशातील चंदेरीत घडत असला, तरी या कथेचे बीज कर्नाटकातले आहे, आणि कन्नड पाट्या वाचतच मोठ्या झालेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी प्रेक्षकाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९९०च्या दशकात बेंगळुरू आणि आसपासच्या भागांत अशी वदंता होती की, रात्री एक हडळ दारोदार फिरते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते आणि दार उघडणाऱ्याचा घात करते. त्यावर उतारा म्हणून लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहून ठेवत. हडळ ते वाचून माघारी जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचून परतते, अशी समजूत होती. भूत साक्षर आहे आणि शिवाय सांगितलेले ऐकते, ही कल्पना मुळातच विनोदी आहे.

लेखक राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. यांनी हाच धागा उचलला. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी आलेल्या 'स्त्री'मध्ये चंदेरीच्या भिंतींवर 'ओ स्त्री, कल आना' असे लिहिलेले दिसते. मात्र इथली चेटकीण फक्त पुरुषांना पळवते, त्यामुळे रात्री एकट्याने बाहेर न पडण्याची ताकीद प्रथमच पुरुषांना मिळते. अमर कौशिक यांचे दिग्दर्शक म्हणून हे पदार्पण होते. नायक विकी बायकांचे कपडे शिवणारा शिंपी आहे आणि गाव साड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीतल्या प्रेक्षकाला ते वातावरण फारसे परके वाटण्याचे कारण नव्हते.

पुढच्या भागाची अडचण पहिल्याच भागाच्या शेवटाने निर्माण केली होती. भिंतीवरचा मजकूर बदलून 'ओ स्त्री, रक्षा करना' झाला, म्हणजे जिची भीती वाटायची तीच गावाची राखणदार ठरली. शिल्लक राहिली ती एक वेणी: श्रद्धा कपूरने साकारलेली निनावी तरुणी चेटकिणीची कापलेली वेणी स्वतःच्या केसांना जोडते आणि चित्रपट संपतो. दुसऱ्या भागाचे लेखक निरेन भट्ट यांनी या वेणीचा पुरेपूर उपयोग करून घेतला आणि खलपात्र म्हणून स्वतंत्र विचारांच्या मुलींना पळवणारा 'सरकटा' आणला. हा मुंडके नसलेला राक्षस पडद्यावर भव्य दिसतो खरा, पण त्यात 'नाळे बा'चा खट्याळपणा नाही. विनोदाचा सगळा भार राजकुमार राव, पंकज त्रिपाठी, अपारशक्ती खुराना आणि अभिषेक बॅनर्जी या चौघांच्या संवादांवर येऊन पडतो.

मधल्या सहा वर्षांत निर्माते दिनेश विजान यांनी या कथेभोवती मालिकाच उभी केली. २०२२ मध्ये आलेल्या 'भेडिया'ने ती 'स्त्री'शी उघडपणे जोडली, तर ७ जून २०२४ रोजी आलेल्या 'मुंज्या'ने कोकणातला, पिंपळावरचा आपला मुंजा हिंदीत नेला. त्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी चित्रपटसृष्टीतलेच. मराठीला हा प्रकार नवा नव्हताच. महेश कोठारे यांच्या १९९३च्या 'झपाटलेला'चा दुसरा भाग २०१३ मध्ये थ्रीडीत आला होता आणि योगायोगाने त्याचीही तारीख ७ जून होती.

'स्त्री २'ची घोषणा एप्रिल २०२३ मध्ये झाली आणि जुलैत चंदेरीत चित्रीकरण सुरू झाले. प्रदर्शनासाठी आधी ऑगस्ट २०२४ अखेरची तारीख ठरली होती. १५ ऑगस्टवर 'पुष्पा २' आणि 'सिंघम अगेन' यांनी हक्क सांगितला होता. ते मागे सरकू लागताच 'स्त्री २' पुढे आला. १४ ऑगस्टच्या रात्रीच खेळ सुरू झाले. गुरुवारच्या स्वातंत्र्यदिनापासून सोमवारच्या राखी पौर्णिमेपर्यंत सलग गर्दीचे दिवस मिळाले. तो सोमवार श्रावणीही होता. म्हणजे बेळगावकराने सकाळी कपिलेश्वराचे दर्शन घ्यावे आणि संध्याकाळी भुताचा सिनेमा गाठावा, असा तो मुहूर्त. त्याच दिवशी आलेले 'खेल खेल में' आणि 'वेदा' मागे पडले.

देशातील निव्वळ कमाईत 'स्त्री २'ने 'जवान'च्या हिंदी आवृत्तीला मागे टाकले आणि आकडा सहाशे कोटींच्या घरात गेला. हा विक्रम डिसेंबरमध्ये मोडला तो 'पुष्पा २'च्या हिंदी आवृत्तीने, म्हणजे ज्याने ऑगस्टची तारीख मोकळी केली होती त्यानेच.