दुसऱ्यांच्या गळ्यातून स्वतःच्या आवाजाकडे : कॅरोल किंग यांची वाटचाल

फेब्रुवारी १९७१मध्ये ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम बाजारात आला, तेव्हा गायिका म्हणून कॅरोल किंग हे नाव अमेरिकेतील बहुसंख्य श्रोत्यांना अपरिचित होते. त्यांनी बांधलेल्या चाली मात्र हेच श्रोते दहा वर्षे गुणगुणत आले होते. त्या अल्बमच्या यशाचे मूळ या दहा वर्षांत आहे.

१९४२मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या किंग यांनी १९५९मध्ये गीतकार जेरी गॉफिन यांच्याशी विवाह केला. शब्द गॉफिन यांचे आणि चाल किंग यांची, अशी त्यांची वाटणी होती. ‘ऑल्डन म्युझिक’ या प्रकाशन संस्थेत एकेका पियानोपुरत्या जागेच्या खोल्यांत बसून तरुण गीतकार रोज गाणी रचत, आणि शेजारच्या खोलीतली चाल भिंतीपलीकडून कानांवर येत असे. किंग यांनी एकदा एक चाल घरच्या टेपरेकॉर्डरवर वाजवून ठेवली आणि त्या बाहेर गेल्या. घरी परतलेल्या गॉफिन यांनी ती ऐकून शब्द लिहायला घेतले. ‘विल यू लव्ह मी टुमारो’ हे ते गाणे. ‘द शिरेल्स’ या कृष्णवर्णीय तरुणींच्या गटाने गायलेले हे गाणे १९६१च्या प्रारंभी अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा किंग अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या.

गायकांना चाल कळावी म्हणून त्या स्वतः पियानोवर बसून गात आणि त्याचे नमुन्यादाखल ध्वनिमुद्रण, म्हणजे डेमो, तयार होत असे. गाणे दुसऱ्याच्या आवाजात बाजारात गेले की डेमोचे काम संपे. १९६२मध्ये असाच एक डेमो त्यांच्याच आवाजात प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला; तरीही त्या चालकारच राहिल्या. पुढे १९६७मध्ये विख्यात गायिका अरेथा फ्रँकलिन यांनी किंग यांच्या चालीवरचे ‘अ नॅचरल वुमन’ गायले, आणि त्या भव्य गायनापुढे मूळ चाल बांधणारीचा आवाज कसा असेल हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारणच उरले नाही.

गॉफिन यांच्यापासून विभक्त झाल्यावर किंग मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन भागात राहायला आल्या. ‘द सिटी’ या गटासह केलेला अल्बम आणि १९७०चा ‘रायटर’ हे दोन्ही फारसे चालले नाहीत. तथापि, गायक जेम्स टेलर यांनी त्यांना व्यासपीठावर येऊन स्वतःची गाणी गाण्याचा आग्रह धरला आणि निर्माते लू अ‍ॅडलर यांनी ‘टॅपेस्ट्री’मध्ये पियानो व आवाज पुढे ठेवून बाकीची साथ मोजकी राखली. माझ्या मते, डेमोतील जवळीक टिकवण्याचा हा निर्णय अल्बमच्या यशात सर्वांत मोलाचा ठरला. ‘विल यू लव्ह मी टुमारो’ येथे संथ लयीत येते, आणि किशोरवयीन मुलीचा प्रश्न संसार मोडलेल्या स्त्रीच्या तोंडी वेगळाच जड होतो.

हा अल्बम सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि १९७२मध्ये किंग यांना चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संगीतक्षेत्रातील मान्यवरांचा गौरव करणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्यांना प्रथम १९९०मध्ये, गॉफिन यांच्यासह, गीतरचनेसाठी स्थान दिले, गायिका म्हणून तेथे त्यांचा प्रवेश झाला तो २०२१मध्ये.