क्युबा, इराण, इराकचा प्रवास झाला असेल तर : अमेरिकेचा अर्ज भरण्यापूर्वी वाचावे

व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या सावंतवाडीतील आमच्या कार्यालयात एक प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच : "मी अमुक देशाला जाऊन आलो आहे, आता मला अमेरिकेला जाता येईल का?" बहुतेकांच्या बाबतीत तो प्रवास ही अडचण नसते. अडचण होते ती त्या प्रवासाबद्दल अर्जात काय लिहिले यामुळे, आणि ती निस्तरण्यात ग्राहकांचे व आमचे महिने जातात. म्हणून हे पत्रक.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांतील अनेकांकडे आज पोर्तुगीज पासपोर्ट आहे. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक घरांत निदान एक मुलगा, जावई किंवा भाची असा पासपोर्ट घेऊन इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. पोर्तुगाल, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतच्या अमेरिका भेटीसाठी व्हिसा लागत नाही, इंटरनेटवरून 'एस्टा' नावाची मंजुरी घेतली की पुरते. मात्र अमेरिकेने २०१५ च्या अखेरीस केलेल्या कायद्यामुळे, १ मार्च २०११ रोजी किंवा त्यानंतर इराण, इराक, सीरिया किंवा सुदानमध्ये गेलेल्या व्यक्तीला ही सवलत मिळत नाही. २०१६ मध्ये लिबिया, सोमालिया व येमेन आणि २०१९ मध्ये उत्तर कोरिया या यादीत आले. क्युबाची तारीख वेगळी आहे : १२ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेने क्युबाला पुन्हा दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांत घातले, त्यामुळे त्या दिवसापासून पुढची भेट धरली जाते. २०१९ मध्ये हवानाला सुट्टी घालवून आलेल्यांनी यासाठी घाबरण्याचे काहीच कारण नाही. सरकारी नोकरीच्या किंवा लष्करी कामासाठी गेलेल्यांना काही अपवाद आहेत, पण आमच्या ग्राहकांत तसे क्वचितच कोणी असते.

सवलत नाही याचा अर्थ प्रवेशबंदी, असा समज करून घेऊ नये. अशा व्यक्तीने रीतसर व्हिसासाठी अर्ज करायचा, वकिलातीत मुलाखत द्यायची, आणि व्हिसा मिळाला की इतरांप्रमाणेच जायचे. ज्याच्याजवळ अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्याला एस्टाची गरजच नसते.

तरीही चूक होते ती कशी, याचे आमच्यासमोर घडलेले एक उदाहरण देतो. आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या मुलाने न्यू जर्सीतील बहिणीकडच्या बारशासारख्या घरगुती समारंभासाठी आधी विमानाचे तिकीट काढले आणि निघण्यापूर्वी चार दिवस घरीच एस्टाचा अर्ज भरायला घेतला. २०२२ च्या हिवाळ्यात तो मित्रांबरोबर आठवडाभर क्युबाला गेला होता. पर्यटक कार्ड सुट्या कागदावर होते, पासपोर्टवर शिक्का नव्हता, म्हणून "नाही" लिहावे असे घरच्यांचे मत पडले. सुदैवाने त्याने त्या रात्री आम्हाला फोन केला. आम्ही त्याला खरे तेच लिहायला सांगितले, एस्टा नाकारला गेला आणि तिकिटाचे पैसे बुडाले. पुढे लंडनमध्ये मुलाखत देऊन त्याला व्हिसा मिळाला. त्या रात्री "नाही" लिहिले असते, तर पैशांपेक्षा फार मोठे काही गेले असते.

कारण शिक्का नसला म्हणजे प्रवास झालाच नाही, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. इराणचा ई-व्हिसाही सुट्या कागदावर असतो. नवा पासपोर्ट काढला की जुना इतिहास पुसला जातो, असे मानणारेही पुष्कळ आहेत; प्रत्यक्षात अर्जात प्रश्न व्यक्तीला विचारलेला असतो, पुस्तिकेला नव्हे. आणि खोट्या उत्तराची शिक्षा प्रवासापेक्षा कितीतरी जड आहे. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर ऑस्ट्रेलिया साधारणपणे ३ वर्षे व कॅनडा ५ वर्षे दार बंद करतो, ब्रिटनमध्ये ते १० वर्षांपर्यंत जाते, आणि अमेरिकेच्या कायद्यात ती अपात्रता कायमची असते.

भारतीय पासपोर्टधारकांना एस्टाची सवलत मुळातच नसल्याने वरील यादी त्यांना थेट लागू होत नाही. इराकमधील करबला-नजफची झियारत (तीर्थयात्रा) करून आलेल्यांना किंवा इराणमध्ये कामानिमित्त गेलेल्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळालेला आम्ही पाहिला आहे. मात्र अमेरिकेच्या व्हिसासाठी भरायच्या डीएस-१६० अर्जात मागील ५ वर्षांतील देश विचारतात, ब्रिटनच्या अर्जात मागील १० वर्षांतील; आणि अधिकाऱ्याला चौकशी आवश्यक वाटली तर निर्णयाला काही आठवडे किंवा महिनेही अधिक लागू शकतात. जहाजावर काम करणाऱ्यांनी पासपोर्टसोबत सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तिका) जरूर आणावे आणि जहाज कोणकोणत्या बंदरांना लागले होते ते सांगावे. अर्जात ते कसे मांडायचे हे आम्ही पाहू. येमेनची गोष्ट निराळी आहे : तेथे जाण्यावर भारत सरकारनेच २०१७ मध्ये निर्बंध घातले असून पासपोर्ट जप्त होऊ शकतो, त्यामुळे तेथील नोकरीच्या कागदांवर सही करण्यापूर्वी आमच्याकडे यावे.

'होली लँड' म्हणजे इस्रायल व आसपासच्या ख्रिस्ती पवित्र स्थळांच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांसाठी थोडे. इस्रायल २०१३ पासून विमानतळावर पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळी चिठ्ठी देतो, पण यात्रा रस्त्याने इजिप्तमध्ये उतरत असेल, तर इस्रायलच्या सीमेवरील 'ताबा' या नाक्यावरचा इजिप्तचा शिक्का सगळे सांगतो. इस्रायलला गेल्याची अशी खूण पासपोर्टवर असलेल्याला लेबनॉन परत पाठवतो. पुढे बैरुतला जायचे असेल, तर यात्रेचा मार्ग ठरण्यापूर्वीच विचारावे.

आम्ही सगळे जुने पासपोर्ट का मागतो, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. कोपरा कापलेले, रबर लावून पिशवीत ठेवलेले ते पासपोर्ट आम्ही पान न पान उलटून पाहतो, तारखा लिहून काढतो आणि तुमच्याकडून सही घेतो, म्हणून त्याच दिवशी अर्ज भरून मिळत नाही. एखादा प्रवास वगळण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही. त्यापायी काही ग्राहक आम्ही गमावले आहेत आणि त्याची आमची तयारी आहे. प्रवासाची यादी तपासून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. तिकीट काढण्यापूर्वी या, घरातल्या सर्वांचे जुने-नवे पासपोर्ट घेऊन या, आणि शिक्का नसलेले प्रवास आधीच एका कागदावर महिना-वर्षासह लिहून आणा.