सुमो डिनर शो: पार्श्वभूमी

टोकियोतल्या असाकुसाला किंवा ओसाकाला जे सुमो डिनर शो (जेवता जेवता सुमोच्या कुस्त्या बघायच्या) चालतात त्यात खेळणारे म्हणजे रिटायर झालेले पैलवान. सुमोत साधारण 600 जण आहेत, महिन्याचा पगार फक्त वरच्या दोन श्रेणींतल्या 70 जणांना, बाकीच्यांना राहणं-खाणं आणि थोडाफार भत्ता. खेळ सुटल्यावर सुमो संघटनेत ज्येष्ठ म्हणून राहायचं तर जागा ठरलेल्या, 105, आणि त्यासाठी तशी कारकीर्दही लागते. मग बाकीच्यांनी करायचं काय, तर जुना मार्ग म्हणजे चांको नाबेचं (पैलवानांचा रस्सा) हॉटेल काढायचं, कारण तालमीत स्वयंपाक ज्युनियर पोरांनाच करावा लागतो, हात आधीच बसलेला असतो. त्यात चिकन जास्त, कारण कोंबडी दोन पायांवर उभी असते, चार पाय म्हणजे हात जमिनीला टेकले, म्हणजे हरला! (शाकाहारी असाल तर बुकिंगलाच विचारा, नुसत्या भाज्या दिसल्या तरी रस्सा बऱ्याचदा मासळीच्या पाण्याचा असतो.)

परदेशी पाहुण्यांसमोर ताकद दाखवणं नवीन नाही, 1854 मध्ये अमेरिकन आरमार आलं तेव्हा पैलवानांनी त्यांच्यापुढे तांदळाची पोती वाहून दाखवली होती. विनोदी सुमोही गावोगावच्या टूरवर आधीपासून आहे, शोमध्ये नियम मोडायची जी नक्कल करतात ती तिथूनच आलीय.

खरा वादाचा मुद्दा बायकांचा. फुगीर सुमो-सूट चढवून पैलवानाला ढकलायला प्रेक्षकांना बोलावतात, बऱ्याच शोमध्ये बायकाही जातात. खऱ्या दोह्योवर, म्हणजे सुमोच्या मातीच्या रिंगणात, हे चालत नाही. तिथे स्पर्धेआधी मधोमध खड्डा करून तांदूळ, मीठ, सुकवलेला स्क्विड, कोंबू (समुद्री शेवाळ), चेस्टनट असं पुरतात, साके (तांदळाची दारू) ओततात, जागा देवाची होते आणि मग बाईने पाय ठेवायचा नाही. 2000 साली ओसाकाच्या गव्हर्नर बाई होत्या, त्यांना बक्षीस द्यायला वर जायचं होतं, संघटना नाही म्हणाली. एप्रिल 2018 ला मैझुरूमध्ये टूरच्या कार्यक्रमात भाषण करता करता महापौर कोसळले, बायका धावून वर गेल्या, त्यातल्या एकीने हृदयाला मसाज सुरू केला आणि स्पीकरवरून काय, तर बायकांनी खाली उतरावं! नंतर दोह्योवर मीठही टाकलं. संघटनेने माफी मागितली, मीठ बायकांमुळे नव्हतं असंही सांगितलं, पण दोनच दिवसांनी ताकाराझुकाच्या महिला महापौरांना भाषण खालीच उभं राहून करावं लागलं. परंपरा म्हणून मान्य केलं तरी जीव वाचवणाऱ्यांना उतरायला सांगणं पटत नाही. आपल्याकडे तालमीच्या मातीत बायका उतरल्या, कुस्तीचं काही बिघडलं नाही. डिनर शोला ही अडचणच नाही, कारण तिथलं रिंगण म्हणजे नुसतं स्टेज.

खऱ्या सुमोत 2011 ला फिक्सिंग उघड होऊन मार्चची स्पर्धाच रद्द झाली होती. आता उलटं, तिकिटं मिळत नाहीत. मोठ्या स्पर्धा वर्षात 6, प्रत्येकी 15 दिवस, टोकियोत त्यातल्या जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्याच, आणि 2024 मध्ये जपानला आलेले परदेशी 3 कोटी 68 लाखांच्या पुढे. उरलेले 9 महिने टोकियोत सुमो बघायचा म्हटलं तर सकाळी तालमीतला सराव, नाहीतर हे शो. पण त्या 3 महिन्यांत जाणार असाल तर आधी खऱ्या स्पर्धेचं तिकीट बघा, नाहीच मिळालं तर शो.