सातबारावरचे रान

पावसाळा सरताना रत्नागिरी जिल्ह्यातून गाडीने गेलात तर दोन्ही अंगांना डोंगर हिरवेगार दिसतात. एवढे जंगल म्हणजे ते वनखात्याचेच असणार, असे घाटावरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात या जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन फारच थोडी आहे. डोळ्यांना दिसणारी बहुतेक झाडी कुणा ना कुणा कुटुंबाच्या सातबारावर असते. तिला 'मालकी जंगल' म्हणतात. वृक्षतोडबंदी किंवा इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) गावांचा मसुदा आला की कोकणात जो गदारोळ उठतो, तो या मालकीमुळेच. बाहेरच्यांना तो लाकूडवाल्यांचा कांगावा वाटतो. थोडाफार तसा असतोही, पण मालकाच्या मनातल्या संशयाला जुना इतिहास आहे.

घराच्या झाडावर राज्याने कितपत हात टाकावा, याचा विचार मराठेशाहीतच झाला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात लाकडाबद्दल सविस्तर सूचना आहेत. सागवान वगैरे लागेल ते हुजूर परवानगीने तोडावे, पण आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. पर्यावरणाच्या भाषणांत हा उतारा हमखास येतो. त्यातला 'धन्याला राजी करून' हा भाग मात्र बहुतेक वक्ते गाळतात.

इंग्रजी अमलात ठाणे-कुलाब्यात सरकारने मोठी राखीव जंगले आखली. रत्नागिरीत खोतीमुळे, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या खोतांच्या वतनी हक्कामुळे, चित्र वेगळे राहिले. 1820 च्या दशकात कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून लोकांच्या जमिनीतल्या सागावरचा सरकारी हक्क सोडून दिला होता. पुढे 1880 च्या खोती कायद्याने खोताचे स्थान आणखी पक्के केले. भातखाचराच्या वरची वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची, जमीन आणि तिच्यावरचे रान खोताच्या नाहीतर वहिवाटदार कुटुंबाच्या हाती राहिले. हे रान नुसते शोभेचे नव्हते. उन्हाळ्यात ऐन-किंजळाची कवळ, म्हणजे पानांसकट बारीक फांद्या, तोडायची, वाळवून खाचरात पसरायची, वर पातेरा आणि माती घालून भाजायची. त्या राबावर, म्हणजे भाजलेल्या जागेवर, भाताच्या रोपांचा तरवा पेरायचा. कवळाची झाडे बुंध्यातून कधी तोडत नसत, फांद्याच उतरवत. ती बोडकी दिसत खरी, पण पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहात. ज्या कुटुंबाकडे कवळीचे रान नाही त्याचे भात कच्चे, असा सरळ हिशोब होता.

स्वातंत्र्यानंतर हा हिशोब मोडला. 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. खाचरे कुळांकडे गेली. वरचे रान मात्र अनेक ठिकाणी जुन्या मालकाच्या नावावर उरले. ज्याला भात लावायचे नाही त्याला कवळ कशाला हवी? अशा रानाचा एकच उपयोग उरला, तो म्हणजे ठेकेदाराला उक्ते देणे. अख्खा डोंगर एका रकमेला ठरायचा. जाड लाकूड सॉ मिलला, बारीक लाकूड कोळशाला नाहीतर भट्ट्यांना आणि खैर चिपळूण-सावर्ड्याच्या कातवाल्यांना. पुढच्या आठ-दहा वर्षांत बुंध्यांना फुटवे येऊन पुन्हा दाटी झाली की पुन्हा सौदा.

याला आळा घालायला 1964 मध्ये झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ अशी सोळा नावे होती. यातले झाड स्वतःच्या जमिनीत असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायदा झाडाकडे बघतो, जंगलाकडे नाही. अनुसूचीबाहेरच्या झाडांचे, वेलींचे, झुडपांचे काय, याला त्यात उत्तर नाही. झाडे राखणाऱ्या मालकाबद्दलही त्यात काही नाही, कारण तो परवानगी मागायला येतच नाही.

खरा घाव मात्र 1975 चा. त्याचे मूळ 1927 च्या भारतीय वन कायद्यातल्या कलम 35 मध्ये आहे. खासगी जंगलाची नासाडी होत असेल तर तिथल्या तोडीवर सरकारला बंधने घालता येत. त्याआधी मालकाला कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि मग अधिसूचना काढायची. मुंबई राज्यात 1950 च्या दशकात अशा नोटिसा ढिगाने निघाल्या. कितीतरी प्रकरणांत पुढे सुनावणी झाली नाही की अधिसूचना निघाली नाही. कागद राजपत्रात छापला गेला आणि फडताळात पडला. मालकाला तो मिळाला की नाही, हेही कुणी पाहिले नाही.

मग महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम आला. 30 ऑगस्ट 1975 रोजी राज्यातली सगळी खासगी वने एका फटक्यात सरकारजमा झाली. खासगी जंगले उजाड झाली आहेत, ती सुधारायची आणि त्यांतून ग्रामीण गरिबांनाही आधार द्यायचा, हा त्यामागचा उद्देश होता. निदान चुकीचे नव्हते. पण 'खासगी वन' या शब्दाच्या व्याख्येत, ज्या जमिनीला नुसती नोटीस निघाली होती तीही बसवली. कायदेशीर लागवडीखालच्या जमिनीला कमाल जमीनधारणेच्या मर्यादेपर्यंत सूट होती. 1978 च्या दुरुस्तीने 22-अ कलम घालून, ज्यांची एकूण जमीन 12 हेक्टरच्या आत होती अशा लहान मालकांना रान परत मिळवायची वाट ठेवली. त्यासाठी अर्ज, चौकशी, पुरावे आले, आणि सातबारा मुंबईतल्या काकाच्या नावावर असला की झालेच.

गावाने यातून काढलेला अर्थ साधा होता. ज्याने नांगर फिरवला त्याची जमीन राहिली आणि ज्याने झाडी राखली त्याची गेली. कायद्याचा हेतू हा नव्हता, पण माणसे हेतू वाचत नाहीत, फेरफार वाचतात. माझ्या मते मालकी जंगलाच्या संरक्षणाचे सर्वांत मोठे नुकसान ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपेक्षा या एका समजुतीने केले.

नोटिसांचे भूत पुढे मुंबईतही उठले. 2005 च्या सुमारास उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू असताना महसुली दप्तरात 'खासगी वन' अशा नोंदी होऊ लागल्या. मुलुंड, भांडुप भागांत इमारती उभ्या राहिल्यावर रहिवाशांना कळले की आपण कागदोपत्री जंगलात राहतो. हे प्रकरण गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या विक्रोळीच्या जमिनीवरून सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 जानेवारी 2014 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की नोटीस नुसती छापून भागत नाही, ती मालकावर बजावलेली हवी, आणि दशकानुदशके पडून राहिलेल्या कागदाच्या आधारे जमीन जात नाही. कोकणातल्या खातेदाराला याचा आधार मिळाला खरा, पण तो मिळवायला न्यायालयाची पायरी चढावी लागते.

शेजारच्या गोव्यात गाडी दुसऱ्या रुळावरून गेली. 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने, मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, असे ठरले. मग सावंत आणि करापूरकर समित्यांनी गोव्यातली खासगी वने शोधली. निकष असे: किमान पाच हेक्टर किंवा सरकारी जंगलाला लागून, पाऊण हिश्शाहून कमी नाहीत इतकी वनातली झाडे, आणि छत्राची, म्हणजे वरून जमीन झाकणाऱ्या पानोळ्याची, घनता 0.4 च्या खाली नाही. विरळ रानाच्या मालकाने या आकड्यांतून काय बोध घ्यायचा, ते सांगायला नको.

दरम्यान कोकणात रान तोडायला नवी कारणे मिळाली. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळू लागले आणि वरकसावर आंबा-काजू चढला. दोडामार्गात केरळहून आलेल्यांनी रबर लावला. काजूने अनेक घरांची चूल पेटती ठेवली, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण सरकार झाडी काढून कलमे लावायला पैसे देत होते आणि आहे ती झाडी ठेवायला काहीच देत नव्हते. पश्चिम घाटाबाबतच्या गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात संवर्धन करणाऱ्यांना मोबदला देण्याची कल्पना मांडली होती. अहवालावरून रणे माजली, त्यात ही कल्पना कुणी उचलली नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात 2013 मध्ये उच्च न्यायालयाने तोडबंदी घातली, आणि मार्च 2024 मध्ये तिथली 25 गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचे निर्देश दिले. बंदी आहे, मोबदला नाही.

मोबदल्याचा एक छोटा प्रयोग संगमेश्वर तालुक्यात झाला आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन तिथल्या रानमालकांशी न तोडण्याचे करार करते. त्यातला बेहड्याचा भाग मला विशेष वाटतो. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालताना स्वतःला लिंपून घेते, पुरती चिणून, चोचीपुरती फट ठेवून. नर बाहेरून फळे आणून भरवत राहतो. एवढी ढोली असलेले झाड तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात, आणि लाकूड म्हणून त्याला किंमत बेताची येते. बेहड्याची फळे नीट गोळा करून, रानातला माल झाडाला धक्का न लावता गोळा केल्याच्या 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्रासह औषधी वनस्पतींच्या परदेशी कंपनीला विकली, तर तेच झाड दर वर्षी पैसे देते. मग मालक ते तोडत नाही, आणि धनेशाची सोय आपसूक होते.

असे करार वाढायला अडसर पैशांचा आहे तसा वारसांचाही. कोकणातला सातबारा बहुधा सामाईक असतो. आजोबांच्या नावाखाली काका, आत्या, त्यांची मुले, कोणी डोंबिवलीत, कोणी बडोद्यात, कोणाचा पत्ताच नाही. झाडे तोडायला सगळ्यांची संमतीपत्रे लागतात, म्हणून कित्येक राने केवळ भाऊबंदकीमुळे आजवर वाचली. राखायचा करार करायचा तरी सह्या त्याच सगळ्यांच्या लागतात, आणि त्या गोळा करायला ठेकेदाराकडे माणसे असतात.