शाळा, कारखाना आणि जात : मार्क्सवादी शिक्षणविचाराची पार्श्वभूमी

शाळा म्हणजे भांडवलदारांना कामगार पुरवणारी यंत्रणा, एवढ्या एका वाक्यात मार्क्सवादी शिक्षणविचार अनेकदा आटोपला जातो. मुळात तो इतका सरळ नाही. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात मार्क्स आणि एंगल्स यांनी सर्व मुलांना सार्वजनिक शाळांत मोफत शिक्षण आणि शिक्षणाची उत्पादनाशी सांगड अशी मागणी केली होती. मात्र १८७५ मध्ये जर्मन कामगार पक्षाच्या गोथा कार्यक्रमावर, म्हणजे पक्षाच्या धोरणाच्या मसुद्यावर, टीका करताना मार्क्सने सरकारलाच जनतेचा शिक्षक बनवण्यास साफ विरोध केला. शाळांचा खर्च, शिक्षकांची पात्रता आणि तपासणी कायद्याने ठरवावी, पण शाळेवर सरकारचा किंवा चर्चचा प्रभाव नसावा, असा त्याचा आग्रह होता. पुढे त्याच्या नावाने चाललेल्या राजवटी नेमके हेच सोयीस्करपणे विसरल्या.

मार्क्स हयात असतानाच, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार नोंदवून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. फुल्यांना मार्क्सवादी ठरवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी जात होती. नाशिकमध्ये १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेमागे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीची प्रेरणा होती.

युरोपात इटालियन मार्क्सवादी ग्रामशीने तुरुंगातील टिपणांत, तर फ्रेंच मार्क्सवादी तत्त्वज्ञ अल्थुसरने १९७० च्या निबंधात, सत्ता संमती कशी मिळवते याचा शोध शाळेपर्यंत नेला. १९७६ मध्ये अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ बोल्स आणि गिंटिस यांनी शाळेची शिस्त आणि कारखान्याची शिस्त यांतील साम्य दाखवले. नाशिकमधील सातपूरच्या आयटीआयमध्ये हजेरी देऊन, खाकी गणवेशात लेथसमोर उभ्या राहणाऱ्या मुलाला पाहिले, की हे साम्य पटायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण पुढच्याच वर्षी पॉल विलिस याने इंग्लंडमधील कामगारांच्या मुलांचा अभ्यास करून दाखवले, की ही मुले शाळेची शिस्त झुगारतात आणि त्या झुगारण्यातूनच अंगमेहनतीच्या कामांकडे वळतात.

या साऱ्या मांडणीत जात नव्हती. ती उणीव धुळ्याच्या शरद पाटील यांनी हेरली आणि १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन करून मार्क्सला फुले-आंबेडकरांशी जोडले. त्यांच्या बाजूने पाहायचे, तर आयटीआयच्या हजेरीपटावरील आडनावेही वाचावी लागतात.