लग्नाच्या डीव्हीडीतील मोकळी जागा
बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात टेपची व्हीएचएस कॅसेट मागे पडून डीव्हीडी आली, तरी घरोघरी शब्द राहिला तो ‘लग्नाची कॅसेट’ हाच. कॅसेटमध्ये चित्र आणि आवाज यांपलीकडे काही मावत नसे. डीव्हीडीत मात्र लग्नाच्या चित्रणासोबत फोटोंच्या मूळ फाइली ठेवता येतात, आणि कडोली किंवा येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाचे चित्रण असेल तर अध्यक्षीय भाषणाची लिखित प्रतही. ही शूटिंगवाल्याची क्लृप्ती आहे असे पुष्कळांना वाटे. वस्तुतः ही जागा डीव्हीडीच्या रचनेतच पहिल्यापासून राखलेली होती.

त्यामागे सीडीचा अनुभव होता. गाण्यांच्या सीडीत संगणकाची माहिती भरण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीत ती माहिती पहिल्या ट्रॅकवर असे, आणि साधा प्लेअर तिलाच गाणे समजून वाजवू लागला की स्पीकरमधून कर्कश खरखर उमटे. त्यावर 1995 च्या सुमारास तोडगा निघाला, तो म्हणजे गाणी पहिल्या सत्रात (म्हणजे तबकडीवरच्या स्वतंत्र नोंद-विभागात) आणि फाइली वेगळ्या दुसऱ्या सत्रात ठेवण्याचा. 1996 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली तेव्हा ही कसरतच उरली नाही, कारण तिच्यावरील चित्रपटसुद्धा संगणकाच्या फाइलींच्याच रूपात असतो. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये चित्र-आवाजाच्या व्हीओबी फाइली आणि त्यांची दिशा दाखवणाऱ्या आयएफओ फाइली असतात. दिवाणखान्यातला प्लेअर तेवढा फोल्डर उघडतो आणि शेजारच्या फोल्डरांकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. तबकडीवर यूडीएफ आणि जुनी आयएसओ 9660 अशा दोन फाइल-व्यवस्था, म्हणजे फाइली मांडण्याच्या व शोधण्याच्या पद्धती, एकत्र नांदतात, त्यामुळे यूडीएफ न कळणारा जुना संगणकही ती वाचू शके.

अट एवढीच, की व्हिडिओच्या फाइली तबकडीवर ठरलेल्या क्रमाने, सलग असाव्यात. जादा फाइली त्यांच्यानंतर येतात, आणि त्याही बर्न करतानाच घालाव्या लागतात. एकदा डीव्हीडी-आर ‘फायनलाइज’ झाली की तिच्यात काहीही वाढवता येत नाही. वऱ्हाडातले कोणी फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊन चार दिवसांनी उगवले, तर नवी तबकडी बर्न करण्यावाचून गत्यंतर नसे.

जागेचा हिशेबही सोपा नव्हता. एका थराच्या डीव्हीडीत 4.7 अब्ज बाइट मावतात, ज्यांना संगणक 4.38 जीबी म्हणतो. दोन तासांचे लग्न त्यात बसवायचे तर चित्र-आवाजाच्या माहितीसाठी सेकंदाला सरासरी सुमारे 5.2 मेगाबिट मिळतात. त्यातले 700 एमबी फोटोंना दिले की हा आकडा 4.4 वर येतो आणि अक्षतांच्या गडबडीत, वरातीच्या नाचात चित्र चौकटी-चौकटींनी फुटू लागते. माझ्या मते अशा वेळी मुहूर्ताआधीचे तासभराचे चित्रण कापणेच शहाणपणाचे, पण ते वधूपित्याला सांगणार कोण?

सीमाभागात याहून वेगळी अडचण होती ती अक्षरांची. येथील छापखान्यांत मराठी मजकूर श्रीलिपी या आणि कन्नड मजकूर नुडी या संगणक-प्रणालीत जुळवला जाई. जुन्या पद्धतीच्या अशा फाइलींत अक्षराऐवजी त्या-त्या फॉन्टमधील जागेचा क्रमांक साठवलेला असतो. त्यामुळे बेळगावात नीट दिसणारी भाषणाची प्रत पुण्यातल्या मुलाच्या संगणकावर, तिथे तो फॉन्ट नसल्यास, रोमन अक्षरांचा निव्वळ कचरा होऊन उघडे. फाइलींच्या नावांचेही तसेच: आयएसओ 9660 च्या मूळ नियमांत इंग्रजी मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते, तर यूडीएफमध्ये युनिकोड असल्याने देवनागरी नावे देता येतात. म्हणून जाणकार मंडळी फाइलींची नावे रोमनमध्येच ठेवत आणि मूळ मजकुरासोबत त्याच भाषणाची, फॉन्ट आतच सामावलेली पीडीएफही त्याच तबकडीवर घालत.