अ‍ॅल्युमिनिअम लाल होत नाही

गेल्या पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर, वडखळ सोडल्यावर, पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसलाच नाही. दाणकन आवाज झाला. उतरून बघितलं तर टायर शाबूत होता, म्हणून तसाच पुढे गेलो. दुसऱ्या दिवसापासून गाडीने ताशी ८० किलोमीटर ओलांडले की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. एका दुकानात अलाइनमेंट करून घेतली, फरक पडला नाही. दुसऱ्या दुकानात टायर उतरवल्यावर कळलं की रिमची आतली कड एका जागी दबली आहे. "साहेब, गॅसवर तापवतो, चार हातोडे घालतो, अर्ध्या तासात बेंड काढून देतो," तिथला कारागीर म्हणाला. त्याने तसं काढून दिलंही, आणि थरथर थांबली. चार महिन्यांनी त्या चाकातली हवा दर आठवड्याला कमी होऊ लागली. साबणाचं पाणी लावलं तेव्हा बुडबुडे नेमके त्याच जागेतून आले. तिथे केसाएवढी चीर होती.

तो कारागीर मन लावून काम करणारा होता. पण त्याचा हात लोखंडावर बसला होता आणि माझं चाक लोखंडाचं नव्हतं. चाकदुरुस्तीचं भरवशाचं दुकान कसं ओळखायचं, या प्रश्नाचं बहुतेक उत्तर मला या एका फरकात सापडलं.

लोखंड तापताना आपली अवस्था सांगत जातं. भात्यासमोर बसलेला लोहार थर्मामीटर बघत नाही, रंग बघतो. काळपट लाल, मग चेरीसारखा लाल, मग नारिंगी, मग पिवळा. साधारण ५२५ अंश सेल्सिअसला घन पदार्थ अंधारात मंद लाल दिसू लागतात, हे जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्ये मोजून दाखवलं. लोखंड वितळतं त्याच्या हजार अंश वर, दीड हजारांच्या पुढे. म्हणजे रंग दिसायला लागल्यापासून धातू हातचा जाईपर्यंत लोहाराकडे भरपूर वाव असतो. बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी पट्टी) चढवणारा माणूसही असाच डोळ्यांनी अंदाज घेतो. तापून फुगलेली धाव लाकडी चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं, की ती आकसून आरे आणि तुंबा घट्ट आवळते. शतकानुशतकांची ही विद्या आहे आणि लोखंडापुरती ती अचूक आहे.

अ‍ॅल्युमिनिअमला हा नियम लागू होत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, आणि चाकांसाठी वापरला जाणारा मिश्रधातू त्याच्याही खूप आधी, साडेपाचशेच्या थोडं पुढे, मऊ लगदा व्हायला लागतो. शिवाय त्याचा चकचकीत पृष्ठभाग प्रकाश फार क्षीण बाहेर टाकतो. दिवसाउजेडी तो वितळेपर्यंत रुपेरीच दिसतो. ऑक्सि-अ‍ॅसिटिलीन गॅसची ज्योत तीन हजार अंशांच्या वर असते. ती रिमवर धरून रंगाची वाट बघणारा माणूस कधीच न येणाऱ्या खुणेची वाट बघत असतो.

आणि वितळणं ही तर फार पुढची गोष्ट झाली. खरं नुकसान दोनशे अंशांच्या आसपासच सुरू होतं. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

आपण ज्याला अलॉय म्हणतो, आणि जुने मेकॅनिक अजूनही मॅगव्हील म्हणतात (एके काळी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशिअमची चाकं असत, ते नाव तसंच राहिलं), ते चाक आज बहुधा अ‍ॅल्युमिनिअमचं ओतीव चाक असतं. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन असतं, म्हणजे वितळलेला रस बारीक आऱ्यांमध्ये नीट पोहोचतो. आणि असतं अगदी थोडं, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, मॅग्नेशिअम. चाकाची ताकद प्रामुख्याने या चिमूटभर मॅग्नेशिअमवर उभी असते. कारखान्यात ओतलेलं चाक ५४० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. गरम पाण्यात साखर जशी जास्त विरघळते, तसं मॅग्नेशिअम या तापमानाला धातूत विरघळून जातं. मग चाक झटकन पाण्यात बुडवतात, म्हणजे विरघळलेलं बाहेर पडायला अवसरच मिळत नाही. शेवटी १५० ते १७० अंशांच्या भट्टीत काही तास मुरवतात. आता मॅग्नेशिअम आणि सिलिकॉन मिळून असंख्य अतिसूक्ष्म कण तयार होतात. धातू वाकतो तेव्हा त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. हे कण त्या सरकण्याच्या वाटेत जागोजागी आडवे येतात आणि धातू कणखर होतो.

या मुरवण्याचा शोध १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना लागला. तापवून पाण्यात विझवलेला त्यांचा अ‍ॅल्युमिनिअमचा नमुना नुसता काही दिवस पडून राहिला आणि आपोआप जास्त कठीण झाला. का, हे त्यांनाही कळलं नव्हतं. कण इतके लहान की त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणंच शक्य नव्हतं. आजच्या विमानांमागे आणि आपल्या गाडीच्या चाकामागेही तीच गोष्ट आहे.

आता या चाकावर गॅसची ज्योत धरा. पाक जास्त आटला की साखरेचे खडे धरतात, तसं काहीसं इथे होतं. बारीक कण एकत्र येऊन मोठे होतात, संख्येने कमी होतात, त्यांच्यामधली अंतरं वाढतात. थर सरकायला वाट मोकळी होते. चाक दिसायला तेच राहतं, गोलही होतं, फक्त तेवढ्या भागात मऊ पडतं. अ‍ॅल्युमिनिअमचा मिश्रधातू उष्णता पोलादाच्या साधारण तिप्पट वेगाने वाहून नेतो, त्यामुळे झळ कडेपुरतीही राहत नाही. उलट तापवलंच नाही आणि थंड रिमवर हातोडा घातला, तर आतले सिलिकॉनचे ठिसूळ कण तडकतात आणि तिथून चीर सुरू होते. जमणारी जागा या दोहोंच्या मध्ये, अरुंद आहे. बेताचं तापवायचं आणि हायड्रॉलिक जॅकने सावकाश, मिलिमीटर मिलिमीटरने रेटायचं.

म्हणून दुकानात मी आता पहिला प्रश्न विचारतो, "दादा, किती तापलं ते कशाने बघता?" "अंदाजाने" असं उत्तर आलं की मी चाक परत घेतो. काहीजण पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर दाखवतात. ही चांगली खूण आहे, पण त्यातही एक मेख आहे. ते यंत्र पृष्ठभागातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून तापमान ठरवतं, आणि उघडं, घासलेलं अ‍ॅल्युमिनिअम ते किरण फारच कमी सोडतं. त्यामुळे यंत्र खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवू शकतं. रंग असलेल्या जागेवर, किंवा काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर रोखलं, तर आकडा विश्वासार्ह मिळतो. ठरावीक तापमानाला वितळणारे खडूही मिळतात. रिमवर रेघ ओढायची, रेघ ओली झाली की ज्योत बाजूला. ज्या कारागिराच्या हातात असा खडू दिसतो, त्याच्या कामावर माझा विश्वास बसतो.

थरथर ८० ते १००च्या दरम्यानच का जाणवते, हेही इथे सांगायला हवं, कारण दुकानदार पुष्कळदा याच टप्प्यावर चुकीच्या कामाचे पैसे लावतात. टायरसकट चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर ताशी १०० किलोमीटरला ते सेकंदाला साधारण १५ फेऱ्या मारतं, ८०ला १२. चाक, हब आणि ब्रेक मिळून जो भाग स्प्रिंगच्या खाली लोंबतो, त्याची स्वतःची हेलकावण्याची गती सेकंदाला १० ते १५ अशीच असते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का मिळावा, तसं होतं. कडेला नुसते २० ग्रॅम जास्तीचे असले तरी ताशी १०० किलोमीटरला ते सव्वातीन किलोच्या वजनाएवढ्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, प्रत्येक फेरीत वेगळ्या दिशेला. वेग निम्मा केला की हा जोर चौथाई होतो, म्हणून गावात काही जाणवत नाही.

बॅलन्सिंगच्या मशीनवर वजनाचा असमतोल कळतो आणि छोटी वजनं लावून तो भरूनही काढता येतो. पण रिम वाकडीच असेल तर आकार वाकडाच राहतो. वजनावर वजन लावत जाणाऱ्या दुकानाला थांबवा. वाकडेपणा बघायचा तर टायर उतरवून, नुसती रिम फिरवत, तिच्या कडेला डायल गेज टेकवावा लागतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं घड्याळासारखं हे साधं उपकरण आहे. रिम वर-खाली किती होते आणि आत-बाहेर किती, असे दोन आकडे मिळतात. किती चालतं हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि ही मर्यादा बहुधा एका मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. दोन्ही आकडे कामाच्या आधी आणि नंतर तुमच्यासमोर कागदावर लिहून घ्या. टायर न उतरवताच बेंड काढतो म्हणणाऱ्याला आतली कड दिसतच नसते, आणि खड्ड्यात बहुतेकदा तीच दबते, कारण आऱ्यांचा आधार बाहेरच्या बाजूला असतो.

बेंड डोळ्यांना दिसतो तरी. चीर दिसत नाही. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, बद्द वाजलं की परत ठेवतो. रेल्वेत चाकांवर हातोडी मारून कान देणारी माणसं हेच करत आली. अलॉय चाकाचं मात्र कानाला नीट कळत नाही. त्यासाठी दुसरी युक्ती आहे, तीही रेल्वेच्या जुन्या कारखान्यांतून आलेली. तिथे लोखंडी भाग तेलात भिजवायचे, पुसायचे आणि वर खडूच्या भुकटीचा लेप द्यायचे. चिरेत शिरलेलं तेल लेपावर डाग होऊन उमटे. आज त्याच कल्पनेचे तीन डबे मिळतात, स्वच्छ करणारा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा. रिम साफ करून लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. दिव्याची वात तेल ओढते त्याच केशाकर्षणाने रंग चिरेत ओढला जातो. मग वरचा रंग पुसून पांढरी भुकटी फवारायची. ती टिपकागदासारखी आतला रंग बाहेर शोषते आणि पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. कारागीर याला डाय टेस्ट म्हणतात. ही चाचणी बेंड काढण्याआधी करावी आणि नंतर पुन्हा करावी, कारण सरळ करतानाही चीर पडू शकते. माझ्या चाकाच्या बाबतीत ती एकदाही झाली नव्हती.

रेघ उमटली तर? "आर्गन वेल्डिंग मारून देतो" असं सर्रास सांगितलं जातं. वेल्डिंग उत्तम करणारे हात आपल्याकडे आहेत, पण अडचण हाताची नाही. अ‍ॅल्युमिनिअमच्या अंगावर त्याच्या ऑक्साइडची पातळ साय कायम असते. ती दोन हजार अंशांनंतर वितळते, तर खालचा धातू सहाशेलाच. शिवाय वितळलेलं अ‍ॅल्युमिनिअम तेल, रंग, ओलावा यांतला हायड्रोजन पिऊन घेतं आणि थिजताना तो सोडतं, त्याचे बुडबुडे आत अडकतात. हे सगळं सांभाळलं तरी सांध्याच्या दोन्ही बाजूंचं मुरवण पुसलं जातं. ते परत आणायचं तर अख्खं चाक पुन्हा ५४० अंशांच्या भट्टीत घालून पाण्यात विझवावं लागेल, आणि त्यात त्याचा आकार बिघडेल. आरे, हब, बोल्टची भोकं यांना चीर असेल तर वेल्डिंगचा विचारही करू नये. कडेच्या लहान चिरेबद्दल मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर तेही नको. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचे ताणाचे हेलकावे ते जवळजवळ कितीही सोसतं. अ‍ॅल्युमिनिअमला अशी मर्यादा नसते. लहान ताणही पुरेशा वेळा आला की चीर पुढे सरकते, आणि महामार्गावर चाक तासाभरात पन्नास हजारांच्या वर फेऱ्या मारतं.

नवीन चाकाला कशातून जावं लागतं ते बघितलं की दुरुस्तीच्या मर्यादा स्पष्ट होतात. आघाताच्या चाचणीत टायर बसवलेलं चाक १३ अंशांत कलतं ठेवतात आणि २३० मिलिमीटरवरून त्याच्या कडेवर वजन सोडतात. वजन किती, तर चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. म्हणजे ४५० किलो पेलणाऱ्या चाकावर बरोबर ४५० किलो. मधल्या भागाला आरपार चीर गेली किंवा मिनिटाच्या आत सगळी हवा गेली तर चाक नापास. वळणावरचा ताण आणि सरळ भार यांच्या लाखो फेऱ्यांच्या चाचण्या वेगळ्या. पुण्यात ज्या टेकडीवर लोक सकाळी फिरायला जातात, तिथल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांच्या भागांच्या अशा परीक्षा होतात. कोणतंही दुरुस्तीचं दुकान दुरुस्त केलेल्या चाकाची अशी परीक्षा घेऊ शकत नाही, कारण चाचणीत चाकच खर्ची पडतं. जर्मनीत तर अलॉय चाक तापवून सरळ करणं किंवा वेल्ड करणं मान्यच नाही, फक्त वरवरचे ओरखडे काढायची मुभा आहे.

ओरखड्यांचं काम त्या मानाने सोपं. भरणं, घासणं, रंगवणं. डायमंड कट (लेथवर कापून चकचकीत केलेल्या) चाकाचा चेहरा लेथवर पुन्हा काढतात तेव्हा दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून ते वारंवार करू नये. पावडर कोटिंगची (भुकटीचा रंग भाजून बसवण्याची) भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणजे मुरवण्याच्या तापमानाच्याही वर. एकदा, मोजून, थोडी मिनिटं ठीक. भट्टीला तापमानाचा काटा आहे का, एवढं बघून घ्या. पोलादी डिस्क (म्हणजे पोलादी चाक) असेल तर यातली निम्मी काळजी मिटते. ती वाकते, सहसा तडकत नाही, आणि हातोड्याने बरीच सरळ होते. रोज खराब रस्त्याने जाणाऱ्यांना मी तीच सुचवतो.

माझं चाक मी शेवटी तिसऱ्या दुकानात नेलं. तिथल्या काकांनी टायर उतरवला, डबे आणले, आणि आम्ही दोघं पंधरा मिनिटं काही न बोलता बसलो. भुकटीवर बोटभर लांबीची लाल रेघ आली, आणि तिच्या शेजारी, मला कधीच न दिसलेली, दुसरी एक. "हे होणार नाही," ते म्हणाले आणि तपासणीचेच तेवढे पैसे घेतले. नवीन चाक बसवताना नट हवेच्या गनने फक्त टेकवले, मग ठरावीक जोरालाच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने समोरासमोरचे असे क्रमाने आवळले, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा दाखवायला सांगितलं. जुनं चाक भंगारात द्यायच्या आधी त्यांनी ग्राइंडरने त्याची कड दोन ठिकाणी आरपार कापली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, न कापलेलं चाक रंग लावून पुन्हा बाजारात येतं.